गॅरेजचा अख्खा लॉट घेण्याआधी

प्रश्न: मी नोकरी करतो. निसान सिल्व्हिया एस१५ ही माझी गाडी. गेली दोन वर्षं जपानी परफॉर्मन्स गाड्यांचे जुने पार्ट घेऊन, साफसूफ आणि दुरुस्त करून विकतो. सरासरी ४० टक्के नफा सुटतो. आता ओळखीचे एक ज्येष्ठ ट्यूनर (गाड्यांची ताकद वाढवून देणारे मेकॅनिक) त्यांचं गॅरेज बंद करताहेत आणि सगळा माल एकगठ्ठा द्यायला तयार आहेत: स्कायलाइन जीटी-आरची दोन आरबी२६ इंजिनं, त्याच गाडीच्या आर३३ पिढीचा गिअरबॉक्स, व्हीलचे चार सेट, कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेलं सस्पेन्शन), सीट, टर्बो, मीटर आणि बरंच किरकोळ सामान. किंमत माझ्या ८ महिन्यांच्या पगाराएवढी. सुटं विकलं तर १३ महिन्यांच्या पगाराएवढे पैसे येतील. हे पार्ट आता बंद झालेत, किंमत वाढतच जाणार. माझ्याकडे साडेतीन महिन्यांच्या पगाराएवढा आपत्कालीन निधी आहे, दीड महिन्याचे पैसे पार्टसाठी म्हणून वेगळे ठेवलेत. उरलेले तीन महिन्यांचे पर्सनल लोनने उभे करीन. व्याज १६ टक्के, मुदत ३ वर्षं. दरमहा पगाराच्या ३० टक्के शिल्लक पडतात. नमुन्यादाखल एका कॉइलओव्हर सेटचा हिशेब सोबत पाठवतोय. एक इंजिन विकायचं आणि दुसरं माझ्या सिल्व्हियात बसवायचं असा विचार आहे, म्हणजे ते जवळजवळ फुकटच पडेल. घरी अजून बोललो नाही. महिनाअखेर त्यांना उत्तर द्यायचंय. घेऊ का?

उत्तर: अख्खा लॉट घेऊ नका. कर्ज काढून तर नकोच, आणि आपत्कालीन निधी मोडून मुळीच नको. पण ही संधी सरळ सोडून द्या असंही मी म्हणणार नाही. तुमच्यासारखा माणूस, ज्याला कॉइलओव्हरचा रॉड हाताने दाबून आतला गॅस गेलाय का ते कळतं, त्याला या लॉटमधून चांगले पैसे मिळू शकतात. त्यासाठी लॉट विकत घ्यायलाच हवा असं नाही. ते कसं, याकडे मी येतोच. आधी तुमच्या हिशेबाकडे बघू, कारण सगळी गोम तिथे आहे.

तुम्ही नमुन्यादाखल एका कॉइलओव्हर सेटचा तपशील पाठवलात, हे फार बरं केलंत. तुमचा एका महिन्याचा हातात पडणारा पगार म्हणजे १०० एकक असं धरून चालू या. तो सेट तुम्ही २० एककांना घेतला, २८ला विकला. यावरून तुम्ही ४० टक्के नफा मांडलात. आता तुमच्याच कागदावर समासात लिहिलेल्या गोष्टी बेरजेत घ्या. सेट मागवायचा खर्च दीड एकक. गंजून बसलेला एक लॉक कॉलर नवा घेतला, एका डँपरचं (शॉकचं) सील बदलून घेतलं, दोन्ही मिळून २. विकताना पॅकिंग, पाठवणी आणि जाहिरातीची फी, आणखी २. म्हणजे घातले साडेपंचवीस, आले २८. नफा अडीच एकक, साधारण १० टक्के. त्यासाठी चार महिने गेले आणि तुमचे चार रविवार.

१० टक्के वाईट नाहीत. चार महिन्यांत तेवढे सुटणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण ते पैसे तुमच्या भांडवलाने कमावलेले नाहीत, तुमच्या हातांनी कमावलेत. थ्रेड घासून साफ करणं, रॉडवरच्या गंजाच्या टिकल्या टॉर्च लावून शोधणं, नीट फोटो काढणं, शंभर प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला न चिडता उत्तरं देणं, या सगळ्याची ती मजुरी आहे. मजुरीचा एक स्वभाव असतो: भांडवल वाढवलं म्हणून ती त्या प्रमाणात वाढत नाही. हा लॉट त्या कॉइलओव्हर सेटच्या चाळीसपट आहे. तुमचे रविवार तेवढेच राहणार आहेत. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यातून निघतं.

आता लॉटचा हिशेब. घातले ८०० एकक, येतील १३०० आणि सुटतील ५०० असं तुम्ही धरलंय. ते १३०० म्हणजे जाहिरातीत लोक मागतात त्या किमती. प्रत्यक्षात घासाघीस होते. जुन्या पार्टच्या धंद्यात मागितलेल्या आकड्यातून १३ टक्के सुटले तर ती माफक सूट म्हणायची. राहिले ११३०. त्यातले १० टक्के फी, पॅकिंग आणि वाहतुकीत जातात. इंजिन काही कुरिअरच्या खोक्यात मावत नाही, त्याला लाकडी क्रेट लागतो, उचलायला होइस्ट लागतो. राहिले सुमारे १०१७. साफसफाई, तपासणी, किरकोळ दुरुस्तीचे ६० धरा. एवढा माल घरात राहणार नाही, म्हणजे जागेचं भाडं आलं. महिन्याला ५ धरले तरी वर्षाचे ६०. कर्जाचं पहिल्या वर्षाचं व्याज ४२. हातात उरतात साधारण ८५५. म्हणजे ८०० गुंतवून, वर्षभराचे सगळे रविवार देऊन आणि बारा महिन्यांत शेवटचा नगसुद्धा विकला गेला असं गृहीत धरून, ५५ एककांचा नफा. अर्ध्या महिन्याचा पगार.

त्यात ३०० एककांना विकायचं धरलेलं एक इंजिन आतून खराब निघालं आणि ब्लॉक, हेड, क्रँक सुटे करून निम्मेच पैसे आले, तर त्या नफ्याच्या जागी ६० एककांचा तोटा येतो. एका इंजिनावर सगळा डोलारा उभा आहे.

आणि तुमच्या पत्रातली एक गोष्ट तुमच्या नजरेतून निसटली आहे. १३०० एककांमध्ये तुम्ही दोन्ही इंजिनं विकली असं धरलंय आणि त्याच पत्रात एक इंजिन स्वतःच्या गाडीत बसवायचं म्हणताय. ते इंजिन विकलंच नाही तर मागणीच्या किमती ३०० एककांनी कमी झाल्या. वरचाच हिशेब १००० वर करून बघा: हातात ६२० येतात. ८०० घालून ६२०. म्हणजे ते जवळजवळ फुकट पडलेलं इंजिन तुम्हाला १८० एककांना, जवळपास दोन महिन्यांच्या पगाराला पडलं, आणि अजून ते गाडीत बसलेलंसुद्धा नाही.

बसवायचं काय लागतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तरी पैशांच्या बाजूने सांगतो. आरबी२६ हे २५६८ सीसीचं सरळ सहा सिलेंडरचं इंजिन. चारही चाकांना ताकद देणाऱ्या जीटी-आरसाठी बनवलेलं. त्याच्या ऑइल संपमधूनच (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातून) पुढचा डिफरन्शियल जातो. सिल्व्हिया मागच्या चाकांवर चालणारी. म्हणजे संप बदला, माउंट बनवून घ्या, वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा संगणक), प्रोपेलर शाफ्ट, रेडिएटर, इंटरकूलरची पाइपिंग, आणि एवढी ताकद आल्यावर ब्रेकही. यातला प्रत्येक खर्च वेगवेगळ्या महिन्यात येतो, म्हणून बेरीज कधी डोळ्यांसमोर येत नाही. बहुतेक इंजिन-बदलांत (स्वॅपमध्ये) इंजिनाची किंमत हा लहान खर्च असतो. वर, मूळ एसआर२० इंजिनासह धड अवस्थेतली एस१५ आज ज्या गिऱ्हाइकांना हवी आहे, त्यातले निम्मेअधिक बदललेलं इंजिन पाहून पाठ फिरवतील. इंजिन बदलाची नोंद कागदोपत्री करावी लागते, विमा कंपनीला लेखी कळवावं लागतं. न कळवता केलेला बदल अपघातानंतर निघाला तर दावा फेटाळला जाऊ शकतो, आणि तो धोका पार्टच्या नफ्यातोट्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

तुम्हाला ती गाडी हवी तशी करायची असेल तर जरूर करा. ताकदवान गाडी चालवण्याचा आनंद हा पैसे खर्च करण्याचं पूर्णपणे योग्य कारण आहे. मी फक्त एवढंच म्हणतो की त्याला खर्च म्हणा आणि खर्चाच्या खात्यात लिहा. धंद्याच्या खात्यात लिहिलंत की धंदा तोट्यात आहे की गाडी महाग पडतेय, हे कधीच कळणार नाही. शौक आणि व्यापार एकाच खिशात असले की व्यापार हरतो. जाता जाता: गाडीचे जे मूळ पार्ट काढाल, एअरबॉक्स, एक्झॉस्ट, ईसीयू, सीट, कंपनीची चाकं, ते विकू नका. लेबल लावून नीट गुंडाळून ठेवा. पुढे गाडी विकताना ती पुन्हा मूळ रूपात आणून, बदललेले पार्ट वेगळे विकले तर दोन्हींचे चांगले पैसे येतात. बदल केलेल्या गाडीसकट ते विकले तर त्यांची किंमत गिऱ्हाईक क्वचितच देतं.

आता मालाकडे येऊ. या लॉटमधला सगळा माल सारखा नाही, आणि एकगठ्ठा किमतीत नेमकं हेच झाकलं जातं. जुन्या पार्टला दोन कसोट्या लावा: किती लोकांच्या गाडीत तो बसतो, आणि तो चांगला आहे हे तुम्ही समोरच्याला दाखवून देऊ शकता का.

व्हील दोन्ही कसोट्यांना उतरतात. पाच बोल्ट आणि ११४.३ मिलिमीटर पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास) असलेलं व्हील, ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) जुळला तर स्कायलाइनला चालतं, सिल्व्हियाला चालतं, टोयोटा सुप्राला चालतं, मित्सुबिशी एव्होला चालतं. गिऱ्हाईक मोठं, म्हणून पैसे लवकर मोकळे होतात. तपासणीही सोपी: टायर काढा, आतल्या बाजूच्या ओठावरून बोट फिरवत पूर्ण चक्कर मारा, स्पोकच्या मागच्या बाजूला केसाएवढी रेघ दिसते का बघा, बॅलन्सिंग मशीनवर फिरवून डगमग पाहा. रंगाखाली वेल्डिंग दिसलं तर तो नग बाजूला काढा. तो कोणालाही विकू नका, स्वस्तातसुद्धा नाही. जपानी प्रमाणाची जेडब्ल्यूएल खूण ओतीव आहे का, हेही बघा. रेज कंपनीचं टीई३७ व्हील बाजारात आलं १९९६ मध्ये आणि त्याच्या नकलाही उदंड आहेत. चार सेटपैकी एखादा नकली निघाला तर तो नकली म्हणूनच विकावा लागेल, हे किंमत ठरवतानाच धरा. हेच ब्राइडच्या सीटचं, निस्मोच्या मीटरचं, एचकेएसच्या ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचं. तुमच्याकडून नकली माल गेला असं एकदा बोललं गेलं की पुढचा अस्सल मालही तुम्हाला पडत्या भावात द्यावा लागेल. तुमचं नाव हेच या धंद्यातलं तुमचं खरं भांडवल आहे.

कॉइलओव्हरबद्दल तुम्हाला काय सांगू. ज्यांचं ओव्हरहॉल होऊ शकतं आणि सुटे भाग मिळतात तेच घ्या.

इंजिनाची गोष्ट वेगळी. आरबी२६ जीटी-आरच्या आर३२, आर३३, आर३४ या तीन पिढ्यांत होतं आणि निसानच्या स्टेजिया २६०आरएसमध्येही. पैसे देणारं गिऱ्हाईक नक्की आहे, पण मोजकं आहे आणि जाणकार आहे. ते पहिल्या पाच मिनिटांत विचारणार: कोणत्या सालचं? सुरुवातीच्या आर३२मध्ये ऑइल पंप फिरवणारा क्रँकचा भाग अरुंद होता, जास्त आरपीएमला तिथे पंपाचे गिअर तुटतात. निसानने नंतर तो रुंद केला. कॉलर बसवलाय का? टर्बो मूळचेच आहेत का? मूळ टर्बोची टर्बाइन चाकं सिरॅमिकची, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवला की ती फुटू शकतात. कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) किती? सहाही सिलेंडरचे आकडे एकमेकांजवळ आहेत का? लीक-डाउन चाचणी (सिलेंडरमधून हवा किती गळते ते बघणारी) केली का? चालू असतानाचा व्हिडिओ आहे का? इंजिन बांधलंय म्हणता, तर पिस्टन-बेअरिंगच्या पावत्या कुठे आहेत?

यातल्या किती प्रश्नांची उत्तरं आज तुमच्याकडे आहेत? पत्रात एकाचंही नाही. गॅरेजचे मालक प्रामाणिक आहेत, मला शंका नाही. पण "दादांनी सांगितलंय चांगलं आहे" या वाक्यावर गिऱ्हाईक पैसे देत नाही. पावती नसलेलं बांधलेलं इंजिन बाजारात न बांधलेल्याच भावाने जातं. वर्षानुवर्षं स्टँडवर पडलेल्या इंजिनात सिलेंडरच्या भिंतीला गंज धरतो, सील कडक होतात. गिअरबॉक्सचंही थोडं असंच, आणि तिथे क्लच ढकलणाऱ्या पद्धतीचा की ओढणाऱ्या, हा प्रश्न पहिला येतो.

तुम्ही लिहिता, "हे पार्ट आता बंद झालेत, किंमत वाढतच जाणार." या भरवशावर कर्ज काढण्यापूर्वी जरा थांबा. कंपनीने पार्ट बनवणं बंद केलं की जुन्याचा भाव चढतो, हे खरं. पण तो चढलेला भाव कंपनीच्या एका निर्णयाने खाली येऊ शकतो. निसानने २०१७ मध्ये निस्मो हेरिटेज नावाने आर३२ जीटी-आरचे बंद पडलेले पार्ट पुन्हा बनवून विकायला सुरुवात केली, पुढे आर३३ आणि आर३४ही त्यात आले. टोयोटाने २०२० पासून जीआर हेरिटेज पार्ट्समधून ए७० आणि ए८० सुप्राचे भाग परत आणले. ज्यांनी असा एखादा पार्ट दुर्मीळ म्हणून चढ्या भावाने साठवून ठेवला होता, त्यांचा नग त्या दिवसापासून निव्वळ जुना झाला. तुमच्या लॉटमधल्या किरकोळ सामानाची यादी या दोन्ही योजनांशी ताडून बघा. जे नवं मिळतंय, त्याच्या जुन्या नगाचा भाव नव्याच्या किमतीच्या वर कधीच जाणार नाही.

मागणीची दुसरी लाट अमेरिकेतून येते. तिथे १९८८ च्या कायद्यानुसार परदेशी गाडीला सुरक्षा नियमांतून सूट मिळते ती २५ वर्षं झाल्यावर. म्हणून १९८९ ची आर३२ जीटी-आर २०१४ पासून आणि १९९९ ची आर३४ २०२४ पासून तिकडे रीतसर जाऊ लागली, तुमची एस१५सुद्धा त्याच रांगेत. यामुळे भाव वाढले यात वाद नाही. पण ही तारीख जगातल्या प्रत्येक विक्रेत्याला कित्येक वर्षं आधी माहीत होती. जी गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे ती गॅरेजच्या मालकांनी मागितलेल्या किमतीत आधीच मिसळलेली आहे.

आणि येन. २०१२ मध्ये एका डॉलरला ८० च्या आसपास येन मिळायचे, जुलै २०२४ मध्ये १६० च्या वर. येन घसरला की गिऱ्हाईक जपानमधल्या लिलावातून थेट मागवतं आणि तुमच्या नगाची तुलना त्या भावाशी करतं. येन चढला तर तुमचा माल चढेल. पण कर्जाचा हप्ता येनची वाट बघत थांबत नाही.

हप्ता साडेदहा एककांचा बसेल, म्हणजे पगाराच्या साडेदहा टक्के, ३६ महिने. एकूण व्याज ८० एकक. आज तुम्ही महिन्याला ३० एकक शिल्लक टाकता, ती १९-२० वर येईल. एवढं तुम्ही सहज पेलाल. मला काळजी आहे ती आपत्कालीन निधी शून्यावर असताना हप्ता चालू असण्याची. नोकरीत खंड पडला, घरात कोणी आजारी पडलं, तर तुम्हाला पैसे आठवड्यात लागतील आणि तुमच्याकडे असतील क्रेटमधली दोन इंजिनं. घाईने विकायला निघालेल्या माणसाचा वास या बाजारात लगेच लागतो. गॅरेजचे मालक आज ज्या भावाला सगळं द्यायला तयार झालेत तो भाव का मिळतोय? त्यांना जागा रिकामी करायची घाई आहे म्हणून. तुम्ही नेमके त्यांच्या जागी जाऊन बसाल.

आणि तो निधी तुमच्या एकट्याचा नाही. घरी बोलला नाहीत, हे वाचून मला सगळ्यात जास्त थांबावंसं वाटलं. उत्तर देण्याआधी बोला, आणि वरचा हिशेब समोर ठेवून बोला. होकार-नकार काहीही येवो, हप्ते दोघांच्या घरातून जाणार आहेत.

आता मी काय करीन ते सांगतो. मालकांकडे दोन भागांत प्रस्ताव घेऊन जा.

पहिला भाग रोखीचा. तुमच्या बाजूला ठेवलेल्या १५० मधले १२० वापरा, ३० फी-दुरुस्तीसाठी हातात ठेवा. मागणीच्या साठ टक्के भावाने, म्हणजे बाजारात २०० एककांच्या मागणीचा माल निवडून घ्या: खात्री पटलेले व्हील आणि ओव्हरहॉल होणारे कॉइलओव्हर. मालक लॉट फोडायला नाखूश असतील, म्हणून भावात थोडं वर जायची तयारी ठेवा, पण १२० च्या वर जाऊ नका. भाव चढला तर नग कमी घ्या. घासाघीस, फी, दुरुस्ती वजा जाता यातून साधारण २८ एकक सुटायला हवेत, आणि ते काही महिन्यांत.

दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. इंजिनं आणि गिअरबॉक्स विकत घेऊ नका, विकून द्या. माल मालकांचाच राहील. तपासणी तुम्ही करून घ्याल, खर्च त्यांचा. फोटो, व्हिडिओ, गिऱ्हाइकांशी बोलणं, क्रेट भरून रवाना करणं तुमचं. विक्रीवर १२ टक्के कमिशन. दोन इंजिनं आणि एक गिअरबॉक्स मिळून मागणी ७५० एककांची. घासाघीस होऊन ६५० ला गेली तरी तुमचे ७८ एकक. दोन्ही भाग मिळून शंभराच्या वर होतात. अख्खा लॉट घेऊन वर्षअखेर ५५ मिळत होते, तेही सगळं सुरळीत पार पडलं तर. इथे कर्ज नाही, निधी जागच्या जागी आहे, आणि इंजिन आतून कसं निघेल हा धोका ज्याला ते इंजिन माहीत आहे त्याच्याकडेच राहतो.

मालक हे का मान्य करतील? कारण एकगठ्ठा विकताना इंजिनांवर त्यांचा सगळ्यात जास्त तोटा होतोय. १३०० चा माल ८०० ला, म्हणजे ३०० चं इंजिन १८५ ला. तुमच्या मार्गाने कमिशन वजा जाऊन एका इंजिनाचे २२० च्या वर होतील, त्यातून तपासणी-पाठवणीचा खर्च जाईल. हा आकडा त्यांना कागदावर दाखवा. अडचण फक्त जागेची आहे. ती असेल तर क्रेट ठेवायला सहा महिन्यांची जागा भाड्याने घ्या, भाडं विक्रीतून आधी वळतं करायचं असं ठरवा.

सगळं लेखी हवं. माल कोणाचा, कमिशन किती, किमान किंमत काय, किती महिन्यांत विकलं नाही तर परत, विक्रीनंतर दोष निघाला तर जबाबदारी कोणाची. गिऱ्हाइकालाही स्पष्ट सांगा की माल अमक्यांचा आहे आणि तुम्ही मध्यस्थ आहात. इंजिनांचे नंबर टिपून घ्या आणि ती कोणत्या गाडीतून निघाली त्याची कागदपत्रं मागा. चोरीच्या गाडीचं इंजिन अजाणता विकलं तरी त्रास तुम्हालाच होतो. व्यवहार एवढ्या आकाराचे झाले की ते छंदात मोडत नाहीत, करासाठी उत्पन्न म्हणून दाखवावे लागतील, तेव्हा प्रत्येक खरेदीची पावती जपा.

एअरबॅग असलेली स्टीअरिंग, जुने सीटबेल्ट, ब्रेकचे होज यांना हात लावू नका. एअरबॅग बनवणाऱ्या ताकाता कंपनीच्या सदोष इन्फ्लेटरमुळे (एअरबॅग फुगवणाऱ्या भागामुळे) जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि ती कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. जुन्या एअरबॅगमध्ये काय आहे हे घरी बसून तपासता येत नाही. एफआयए या जागतिक मोटरस्पर्धा संघटनेचं लेबल असलेल्या रेसिंग सीट आणि बेल्टची स्पर्धेतली मुदत ठरलेली असते, म्हणून त्या लेबलवरचं साल बघूनच भाव करा.

मालक प्रस्ताव नाकारून "सगळं घ्या नाहीतर काहीच नाही" म्हणाले, तर नम्रपणे नको म्हणा. त्यांना सांगून ठेवा की लॉट गेला नाही तर मला आधी फोन करा. महिनाअखेरीची मुदत त्यांची आहे, तुमची नाही.

सिल्व्हियासाठी वेगळं खातं उघडा. दरमहा शिल्लक पडणाऱ्या ३० मधले ५ तिकडे टाका आणि कमिशनचे पैसे आले की त्यातला तिसरा हिस्सा. पहिल्यांदा रेडिएटर, बुश, ब्रेक आणि टायर बघा. पंचवीस वर्षांच्या गाडीला इंजिन बदलण्याआधी यांचीच गरज असते. तोवर तुमच्या दोन वर्षांच्या सगळ्या व्यवहारांची वही तशीच लिहून काढा, जशी त्या एका कॉइलओव्हरची समासात लिहिली होती: घेतल्याची तारीख, विकल्याची तारीख, मधले सगळे खर्च आणि लागलेले तास. ती मला पाठवा. कोणत्या प्रकारच्या मालात तुमच्या तासाला सर्वात जास्त मोल मिळतं ते त्यातून दिसेल, आणि पुढच्या वर्षी धंद्याचं भांडवल १५० वरून किती वाढवायचं ते आपण त्यावरून ठरवू.